ढकलकाठी

नवा आहेस. बस इथं, भुशाच्या पोत्यावर.
करवत बंद आहे तोवर नीट पाहून घे तिला.
चालू झाली की ती दिसत नाही,
नुसता आवाज दिसतो.

माझा हात बघतोयस? बघ.
सगळेच बघतात.
कुमासीच्या बाजारात बाया सुट्टे पैसे देताना
या तळव्यापाशी क्षणभर थांबतात,
खालून सांडतील की काय म्हणून.
सांडतात कधीकधी.

पाचही बोटं सारखी नसतात म्हणे.
माझी तर पाचही नाहीत.

त्या दिवशी ओडुम कापत होतो.
ओडुमच्या झाडात कुणीतरी राहतं,
हे तुला तुझ्या गावात सांगितलं असेलच.
म्हणून मालकानं, आडोमाकोनं, सकाळीच बाटली उघडली,
ओंडक्यापाशी दारू शिंपडली,
पूर्वजांची नावं घेतली, मग आम्हा सगळ्यांची,
माझंही घेतलं, अगदी नीट, बापाच्या नावासकट.
पात्यावरचं झाकण तेवढं
तीन वर्षं मागच्या भिंतीला टेकून होतं.
त्याच्या आडोशाला एक कोंबडी अंडी घालायची.
झाकण लावलं की फळ्या कमी निघतात
आणि इथं पैसे फळीवर मिळतात, तासावर नाही.

दोन गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं.
ओडुम रागावला, असं ठरलं.
मेंढरू कापलं. त्याचे पैसे माझ्या मजुरीतून.

आता सेरवाचं ऐक.
फाटकापाशी केंके आणि तळलेली मासळी विकते ती.
उधारीची वही ठेवते.
कुणाला लागलं की त्याची उधारी थकते,
म्हणून नावापुढं लिहून ठेवायची:
ब्राफी. अंगठा. चार वाजता. पैसे नंतर.
न्सिया. डोळ्यात ढलपी. दिवेलागणीला. पैसे नंतर.
डार्को. मनगट. शनिवार.
पैसे सोडले.

सरकारी माणूसही यायचा, वर्षातून एकदा,
मालकाच्या खोलीत पंख्याखाली
गार पाणी पिऊन जायचा.
त्याच्या कागदावर आम्ही सगळे धडधाकट.

एका सकाळी सेरवानं ती वही सलग वाचली,
मोठ्यानं, फाटकात उभं राहून,
बाजारभाव वाचावेत तशी.
एकवीस नावं.
त्यातली सोळा दुपारी तीननंतरची.
ओडुम चारदाच.
बाकी सगळं वावा, ते हलकं पांढरं लाकूड,
ज्यात कुणीच राहत नाही,
ज्याची टोमॅटोची खोकी होतात.
"वावाला कसला आलाय राग?" ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. कुणी बटणही दाबलं नाही.
संप? तो शब्द कुणी काढला नाही.
नुसते बसलो होतो, तू आत्ता बसलायस तसे,
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी आडोमाकोनं स्वतः झाकण उचललं.
मागं सहा अंडी निघाली.
ती सेरवानं नेली. हिशेबात धरली की नाही, माहीत नाही.

सगळं सुधारलं असं समजू नकोस.
तोंडावर बांधायचे मास्क आले, एक खोकं. ते संपलं.
भुसा अजून छातीत जातो.
रात्री मी खोकतो, बायको कूस बदलते.

करवतीवर मला आता घेत नाहीत.
मी काठ्या करतो.
ही तुझी. वावाची आहे. टोकाला खाच बघ, फळीला अडकते.
फळी संपत आली की शेवटचा वीतभर भाग
बोटांनी नाही, हिनं ढकलायचा.
घाई असली तरी. मालक मागं उभा असला तरी.
मालक मागं उभा असला तर जास्तच.

आणि ही जुनी, न्सियाच्या पोराची.
चावे मोज. अकरा.
अकरा वेळा त्या बयेनं तोंड उघडलं
आणि दाताखाली लाकूड आलं.
गेल्या शनिवारी मावशीच्या मयताला
तो पोरगा ढोल वाजवत होता.
मी ढोल ऐकत नव्हतो. मोजत होतो.

मोडली तर ये माझ्याकडं, लाजू नकोस.
हिची दुसरी मिळते.

ऊठ आता. बाह्या वर कर.
आणि गळ्यातली ती माळ काढ,
सेरवाकडं ठेवायला दे.